शन-यमकाचे मार्गदर्शन

पानिपतावर जाऊन बोलायचे म्हणजे जबाबदारीचे काम. दरवर्षी १४ जानेवारीला काला आंबच्या स्मारकापाशी महाराष्ट्रातून मंडळी जातात, हरयाणातल्या रोड मराठा समाजाचे लोक जमतात, आणि व्यासपीठावर चढलेल्या प्रत्येकाला दोन शब्द बोलावेच लागतात. समोरच्या बऱ्याच जणांना मराठी कळत नाही आणि आपल्या हिंदीचे लिंग पहिल्याच वाक्यात घसरते. अशा वेळी चार ओळींची यमकबद्ध इंग्रजी कविता म्हणून मोकळे व्हावे, असा मोह कुणालाही पडेल. त्यासाठी इंग्रजी यावे लागते ही जुनी समजूत आहे. ती या लेखाने दूर व्हावी. कवितेला यमक लागते, यमकाला शेवट लागतो, आणि इंग्रजीने नामांचे शेवट घाऊक भावात तयारच ठेवले आहेत: शन, मेंट, नेस, इटी, शिप. ‘मार्गदर्शन’ही ‘शन’नेच संपते, हा शुभशकुन मानून पुढे जावे.

पहिली पायरी शेवट निवडण्याची. इथे घाई करू नये, कारण सगळेच शेवट सारखे टिकाऊ नसतात. इंग्रजी कान नुसत्या शेवटच्या अक्षरावर भागवून घेत नाही. शब्दातला मुख्य जोर जिथे पडतो तिथल्या स्वरापासून पुढचे सगळे त्याला जुळलेले लागते. ‘डेडिकेशन’चा जोर ‘के’वर, ‘फाउंडेशन’चा ‘डे’वर, दोन्हीकडे ‘एशन’ पुरेपूर जुळले, यमक पक्के. ‘गव्हर्नमेंट’चा जोर मात्र पहिल्याच अक्षरावर आणि ‘डिपार्टमेंट’चा ‘पार्ट’वर, त्यामुळे ‘मेंट’ कितीही ठणकावून म्हटला तरी इंग्रजाच्या लेखी यमक झालेच नाही. ‘रिॲलिटी’ला ‘मॉरॅलिटी’ जुळते, पण ‘युनिटी’ला ‘डिग्निटी’ जुळत नाही. ‘काइंडनेस’ आणि ‘लीडरशिप’च्या वाटेला तर जाऊच नये. मराठी कान उदार आहे; त्याला शेवटचे अक्षर सारखे ऐकू आले की तो मान डोलावतो. तेव्हा मिश्र श्रोत्यांपुढे ‘एशन’च धरावा. दोन्ही कानांना चालणारा असा शेवट दुसरा मिळणे कठीण.

दुसरी पायरी माल गोळा करण्याची. पानिपतच्या लढाईनंतर चौदा वर्षांनी, १७७५ मध्ये, लंडनमध्ये जॉन वॉकरने एक कोश छापला. त्यात शब्द पहिल्या अक्षराने न लावता शेवटच्या अक्षरापासून उलटे लावले होते, त्यामुळे एका शेवटाचे सगळे शब्द आपोआप एका रांगेत आले. आता हे काम मोबाइल करतो. पानिपतकरांना ही रीत समजावून सांगायची गरज नाही, कारण त्यांचा शॉडीचा धंदा याच तत्त्वावर उभा राहिला. परदेशातले जुने लोकरी कपडे गासड्या बांधून कांडला बंदरात उतरतात आणि तिथून या गावी येतात. इथे बायका खाली बसून त्यांची बटणे, झिपा, अस्तरे कापून काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, मग यंत्र त्यांच्या चिंध्या करते आणि त्या चिंध्यांचे सूत कातून ब्लँकेट विणतात. ढीग रंगाप्रमाणे लावलेला असल्याने सूत पुन्हा रंगवावे लागत नाही, ही त्यातली मोठी बचत. शन-यमकातही रंग आधीच जुळलेला असतो. कवीला स्वतःचे काही मिसळावे लागत नाही. फरक इतकाच की ब्लँकेटने थंडी भागते.

तिसरी पायरी भरणीची, आणि खरे कसब इथेच आहे. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना ज्या सावकारी पत्रातून कळली म्हणतात, त्याचा आशय ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात दिला आहे: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुप्या-तांब्याची तर मोजदादच नाही. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि रुपे-तांबे म्हणजे ज्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत ते सगळे. आपल्या दृष्टीने हा माल अगदी गैरसोयीचा. मोत्याचे, मोहरेचे, तांब्याचे यमक शोधायला बसले तर संध्याकाळ होईल, आणि तेवढ्यात कवी त्या माणसांचाच विचार करू लागण्याचा धोका आहे. म्हणून त्या पत्राच्या जागी ‘डिव्हॅस्टेशन’ घालावे. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, रसद तुटली, खंदकाआड कोंडलेल्या छावणीत माणसाला दाणा आणि घोड्याला वैरण मिळेना. याचे ‘स्टार्व्हेशन’ करावे. इब्राहिमखान गारद्याची तोफखान्याच्या आधाराने लढण्याची रीत आणि मराठी घोडदळाची मुसंडी मारण्याची सवय यांचा मेळ बसला नाही. तिथे ‘कोऑर्डिनेशन’ पुरे. शेवटी ‘नेशन’ टाकले की कडवे बंद.

या भरणीमागे शास्त्र आहे. क्रियापदाला ‘शन’ लावून त्याचे नाम केले की कर्ता आणि कर्म दोघेही रजेवर जातात. ‘उपाशी राहिले’ म्हटले की कोण राहिले, का राहिले, रसद कुणी तोडली, हे प्रश्न रांगेत उभे राहतात. ‘स्टार्व्हेशन’मध्ये कुणीच उपाशी नसतो, त्यामुळे कुणाला उत्तरही द्यावे लागत नाही. यमक सोपे का होते, याचेही कारण हेच. इथे दोन शब्द जुळत नाहीत, दोन शब्दांना लावलेले एकच शेपूट स्वतःशी जुळते. याचा पडताळा सहज घेता येतो. डेडिकेशन, इन्स्पिरेशन, जनरेशन, नेशन हे चार शब्द ओळींच्या शेवटी ठेवून काला आंबवर कविता करावी, मग तीच कविता जी. टी. रोडवरच्या ब्लँकेटच्या दुकानाच्या उद्घाटनाला वाचावी, आणि पुढच्या आठवड्यात एखाद्या मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला. तिन्ही ठिकाणी एक शब्दही बदलावा लागणार नाही. सुतकाला आणि बारशाला एकच मजकूर चालणे ही बचत थोडीथोडकी नव्हे.

यावर विद्वान पहिला आक्षेप घेतील तो संस्कृताच्या आधाराने. अलंकारशास्त्रात यमक म्हणजे तीच अक्षरे त्याच क्रमाने पुन्हा यावीत, पण दोन्ही ठिकाणी अर्थ असेल तर तो वेगळा असावा. मराठीत वामनपंडिताला ‘यमक्या वामन’ म्हणून चिडवले गेले आणि मोरोपंतांच्या यमकांचाही अनेकांना कंटाळा आला, तरी त्यांच्या खटाटोपात ही अट होती: आवाज एक, अर्थ दोन. शन-यमकात आवाजही एक आणि शेवटाचा अर्थही एक, म्हणजे व्याख्येच्या बरोबर उलट. आक्षेप बिनतोड आहे, पण आपल्या उपयोगाचा नाही. दोन अर्थ सांभाळायला निदान एक तरी जवळ असावा लागतो. इंग्रजांची साक्ष काढली तर तीही अडचणीची निघते. ‘द पायरेट्स ऑफ पेन्झन्स’ या १८७९ च्या संगीतिकेत गिल्बर्टने एका मेजर जनरलच्या तोंडी ‘इकल’ने संपणाऱ्या लांबलचक शब्दांची माळ घातली, ती लोकांनी त्याला हसावे म्हणून. या जनरलला जगातले सगळे ठाऊक असते, फक्त युद्धशास्त्र तेवढे नसते. त्यामुळे रणभूमीवर शेपटांची यमके म्हणताना चेहरा शक्य तितका गंभीर ठेवावा.

दुसरा आक्षेप स्वभाषाभिमानी घेतील: दोष इंग्रजीचा आहे, मराठीत लिहा म्हणजे झाले. त्यांचे समाधान करणे सोपे आहे, कारण आपल्याकडे ‘करण’ आहे. १९९१ च्या आर्थिक धोरणाचे खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण असे तीन शब्द मराठीत रुळले. त्यांचे यमक इतके पक्के जमले की ते तिन्ही म्हणण्याचा कंटाळा येऊन लोकांनी ‘खाउजा’ करून टाकले. कुणाचा कारखाना गेला, कुणाच्या हाती आला, हे त्या ‘करणां’त दिसत नाही. रस्त्याचे रुंदीकरण होते, चौकाचे सुशोभीकरण होते. झाड कुणी तोडले हा प्रश्न व्याकरणातच गळून पडतो. तेव्हा मराठी कवींनी न्यूनगंड बाळगू नये. इंग्रजीला शिव्या देऊन हा रोग बरा होणार नाही, कारण त्याची पैदास आपल्या घरीही उत्तम होते.

तिसरा आक्षेप अधिक अवघड, कारण त्याचा पुरावा पानिपतचाच आहे. शेवट जुळवून परिणाम होत नसता तर २२ जानेवारी २०१५ रोजी याच शहरातून पंतप्रधानांनी सुरू केलेली ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही घोषणा ट्रकांच्या पाठीवर कशी पोचली असती? तिथेही ‘आओ’ हा शेवट सामाईकच आहे. पण तिथे क्रियापदाचे क्रियापदच राहू दिले आहे. ‘बचाओ’ आणि ‘पढाओ’ ही दोन निरनिराळी कामे आहेत, ती कुणाला तरी उद्देशून सांगितली आहेत, आणि कुणासाठी तेही सांगितले आहे. त्याचेच ‘गर्ल चाइल्ड प्रोटेक्शन अँड एज्युकेशन’ करून पाहावे. यमकही धड जुळत नाही आणि ट्रकवाला रंग फुकट दिला तरी ते लिहून घेणार नाही. ‘टेन्शन’ आणि ‘पेन्शन’ची गोष्टही तीच. ती जोडी लोकांच्या तोंडात बसली, कारण तिथे शेपटासकट ‘टेन’ आणि ‘पेन’ही जुळतात, आणि निवृत्तीला आलेल्या माणसाच्या घरात त्या दोन गोष्टी खरोखरच समोरासमोर येतात. म्हणजे यमक जिभेवर राहते ते दोन वेगळ्या वस्तूंची गाठ पडल्याने. हे मान्य केले तर आपली पद्धत उरत नाही, म्हणून हा परिच्छेद नवोदितांनी वाचून सोडून द्यावा.

शेवटचा आक्षेप पानिपतच्या सुपुत्राचा. गालिबचे शिष्य अल्ताफ हुसेन हाली इथे १८३७ मध्ये जन्मले आणि बू अली शाह कलंदरांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. १८९३ च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’त त्यांनी काफियाच्या, म्हणजे यमकाच्या, जाचाबद्दल तक्रार केली: कवी आधी काफिये जमवतो आणि मग त्यांत बसेल असा विचार शोधत फिरतो. कुणी म्हणेल, यमक हा जर जाचच, तर त्यातल्या त्यात सोपा जाच पत्करायला काय हरकत? पण हालींनी यमक टाकले नव्हते. १८७९ चा त्यांचा ‘मुसद्दस’ यमकबद्धच आहे. त्यांचे भांडण होते ते विचाराच्या आधी येऊन बसणाऱ्या यमकाशी. अवघड यमक निदान कवीला अडवते, आणि अडलेला कवी कधी कधी विचार करतो. शन-यमक अडवतच नाही. ते विचाराच्या जागेवर बसते आणि जागा रिकामी होती हे कळूही देत नाही. हालींना जे भय वाटत होते ते आपण असे विनासायास साध्य केले आहे.

आता अखेरची तपासणी. कविता झाली की ओळींच्या शेवटचे सगळे ‘शन’ पेन्सिलीने खोडावेत आणि उरलेले वाचावे. काहीच उरले नाही, तर कविता निर्धोक आहे. कोणत्याही व्यासपीठावर म्हणावी, टाळ्या ठरलेल्या. पण खोडाखोडीनंतरही कुठे दाणा, वैरण, तुटलेली रसद किंवा मोजदाद न झालेले तांबे शिल्लक दिसले, तर ती कविता पानिपतावरची झाली आहे असे समजावे. तिला यमक नसले तरी चालते, इंग्रजीही चालते, कारण इंग्रजीतही भुकेला आणि घोड्याला छोटे, साधे शब्द आहेत. मात्र ती वाचल्यावर टाळ्या लगेच पडत नाहीत आणि लोक प्रश्न विचारतात. संयोजकांनी तशी तयारी ठेवावी, आणि कवीने रसद कुणी तोडली ते आधी वाचून जावे.