पाचवी कला

वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कला सांगितल्या. गायन, वादन, नृत्य आणि चित्रकला या पहिल्या चार. पाचवी ‘विशेषकच्छेद्य’, म्हणजे भूर्जपत्रासारखी पानं नक्षीदार कातरून कपाळाला लावायचे तिलक करणं. पहिल्या चौघींना अकादम्या मिळाल्या, महोत्सव मिळाले, शाली-श्रीफळं मिळाली. पाचवीला मिळाला न्हाणीघरातला आरसा. आमच्या आरशावर इतक्या टिकल्या डकवलेल्या आहेत, की दाढी करताना मला माझा चेहरा हप्त्याहप्त्याने बघावा लागतो.

आजीच्या काळी टिकली रोज कपाळावरच घडवायची असे. फणेरपेटीच्या आरशात बघत आधी मेणाचा गोल, त्यावर कोरडं कुंकू, मग कडेला सांडलेलं अलगद टिपून घ्यायचं. गोल बिघडला तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. कंपासपेटी कधी न उघडलेल्या बायका हे काम चुलीवरचं दूध उतू जायच्या आत उरकत. कुंकूही सहज होत नसे. हळकुंडाला लिंबाचा रस आणि टाकणखार यांची संगत घडवली, की पिवळ्याचं लाल होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या केम गावाचं नाव तर कुंकवामुळेच झालं.

पुढे पाकिटं आली आणि रोजची कारागिरी संपली. आमच्या वहिनींना मात्र पाकिटातली टिकली म्हणजे नुसता कच्चा माल वाटतो. श्रावण लागला, मंगळागौरीची बोलावणी आली, की जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरला जातो. मखमली टिकल्या, कुंदनाचे खडे, बारीक मोती, चिमटा, डिंकात बुडवायला टाचणी. ‘भाऊजी, पंखा!’ एवढाच हुकूम सुटतो. पंखा बंद होतो, घामाच्या धारा सुरू होतात. ज्याला शिंक येईल त्याने गॅलरीत जायचं. एकदा दादा जागेवरच शिंकला. त्या आठवड्यात आमटीत मोती निघाला, पण त्यावर कुणीच हक्क सांगितला नाही.

खरी परीक्षा चंद्रकोरीची. पंचने मोठा गोल पाडायचा आणि त्याच्या आत, किंचित वर सरकवून, लहान गोल मारायचा. उरते ती कोर. केसभर जास्त सरकलं तर टोकं जाड होतात, कमी सरकलं तर बांगडी होते. ठिपका कोरीच्या कुशीत द्यायचा की खाली, यावर वहिनी आणि त्यांच्या जाऊबाई, म्हणजे आमची ही, यांचे दोन पंथ आहेत. मी तटस्थ आहे. सकाळचा चहा दोघींपैकी कुणीही करते.

कपाळावरून तट पडणं आपल्याकडेच घडतं असं नाही. 1711 साली लंडनच्या ‘स्पेक्टेटर’मध्ये जोसेफ अ‍ॅडिसनने लिहिलं होतं, की चेहऱ्यावर काळे ठिपके चिकटवणाऱ्या बायकांत उजवीकडे लावणाऱ्या व्हिग पक्षाच्या आणि डावीकडे लावणाऱ्या टोरी पक्षाच्या. आपली टिकली मधोमध असते हे बरंच आहे. नाहीतर हल्लीच्या पक्षांतरांच्या मोसमात बायकांना आरशापासून हलता आलं नसतं.

या कलेतली एकच गोष्ट थट्टेवारी नेऊ नये, ती म्हणजे डिंक. काही टिकल्यांच्या चिकटद्रव्यात पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल असतं. ते त्वचेचा रंग घालवतं आणि टिकलीखाली पांढरा डाग उमटतो. म्हणून वहिनी खडे लावतात ते मखमलीच्या वरच्या बाजूला, कपाळाच्या बाजूला घरातला गोंद लागू देत नाहीत. तुम्हीही करून बघा, पण एवढं सांभाळा. खाज सुटली किंवा रंग फिका वाटला, तर टिकली त्याच दिवशी बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना कपाळ दाखवा. मेण आणि कुंकू पूजेच्या दुकानात अजून मिळतं.