सशस्त्र सफाई

मुलीकडे टेक्ससला आल्यापासून माझं सकाळचं फिरणं शेजारच्या आजोबांबरोबर होतं. ताठ कणा, भरघोस पांढऱ्या मिशा. मी मनातल्या मनात त्यांना सुभेदार म्हणतो. एका शुक्रवारी म्हणाले, ‘‘उद्या आमचा क्लब हायवेचा कचरा उचलणार आहे. येता का?’’ क्लब कसला, हे विचारायचं राहून गेलं.

शनिवारी साडेसातला पोचलो तर दहा-बारा जण उभे. अंगात नारिंगी जाकिटं, हातात लांब दांड्याचे चिमटे आणि प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल. क्लब बंदूकवाल्यांचा होता. माझ्याजवळ दाण्याच्या लाडवांचा डबा.

बंदूक मी पाहिली नव्हती असं नाही. कोकणात आमच्या आजोबांची ठासणीची होती, डुकरं आणि माकडं हाकायला, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि आजोबा पावती घेऊन परतायचे. ती पावती सातबाऱ्याच्या घडीत जायची. दसऱ्याला बंदुकीला झेंडूची माळ, एरवी मुक्काम माळ्यावर. हे वेळापत्रक माकडांना तोंडपाठ असावं. इथे २०२१च्या १ सप्टेंबरपासून, कायद्याने मनाई नसेल तर, एकविशी ओलांडलेल्या कुणालाही पिस्तूल लावून हिंडायला परवाना लागत नाही, असं सुभेदार सांगत होते. मला आजोबांची ती पावती आठवत होती.

रस्ता मात्र अर्ज, करार वगैरे सगळं करून दत्तक घ्यावा लागतो. हो, दत्तक. ही कल्पना टेक्ससचीच. १९८४ साली जेम्स ‘बॉबी’ इव्हान्स नावाच्या महामार्ग खात्याच्या इंजिनिअरने पुढच्या पिकअप ट्रकमधून कचरा उडताना पाहिला आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. १९८५ मध्ये टायलर गावच्या सिव्हिटन क्लबने हायवे ६९चा दोन मैलांचा तुकडा पहिल्यांदा ओटीत घेतला. दोन वर्षं सांभाळायचा, वर्षातून चार वेळा साफ करायचा. बदल्यात रस्त्याकडेला आपल्या नावाची पाटी. आमच्याकडे दत्तक म्हटलं की वाडा, शेतजमीन, भाऊबंदकी आणि कोर्ट. इथे वारसाहक्कात बिअरचे डबे मिळतात.

कोर्ट इथेही सुटलेलं नाही म्हणा. मिसुरीत कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या टोळक्याने रस्ता मागितला. सरकार नाही म्हणालं, कोर्टाने सांगितलं, नाही म्हणता येणार नाही. मग विधिमंडळाने त्या रस्त्याला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या रोझा पार्क्स यांचंच नाव देऊन टाकलं! टोळक्याने कचरा काही उचलला नाही, म्हणून पुढे त्यांचं नावही उडालं. ही खोडी काढणारा आमदार नक्की सदाशिव पेठेत काही वर्षं राहिलेला असणार.

आम्ही कामाला लागलो. पहिल्या शंभर पावलांत काय काय सापडलं! चेपलेले डबे, कॉफीचे पेले, एक डावा बूट, टायरच्या चिंध्या आणि लॉटरीची तिकिटं. त्यातली दोन मी नंबर वाचून मगच पिशवीत टाकली. सुभेदारांचं चिमटा चालवणं बघण्यासारखं. सिगारेटचं थोटूक दिसलं की पाय फाकवून उभे राहायचे, एक डोळा बारीक करायचे, श्वास रोखायचे आणि पहिल्या झटक्यात थोटूक पिशवीत. माझ्या चिमट्यात गवतच जास्त येत होतं.

तेवढ्यात एक पिकअप सुसाट आली. खिडकीची काच खाली झाली आणि बर्फासकट एक भलामोठा पेला आमच्यासमोर येऊन फुटला. मी जागीच गोठलो. इथलं ‘डोन्ट मेस विथ टेक्सस’ हे घोषवाक्य मी टी-शर्टांवर वाचलं होतं. मला वाटायचं, ‘आमच्या वाटेला जाल तर याद राखा’ असा तो दम आहे. दहा-बारा सशस्त्र टेक्ससवाले, समोर रंगेहाथ गुन्हेगार. मी खड्ड्यात आडवं पडायला जागा शोधू लागलो.

सुभेदार वाकले. चिमट्याने पेला उचलला, मग झाकण, मग स्ट्रॉ. ‘‘तरुण पोरगा आहे,’’ एवढंच म्हणाले. ते घोषवाक्य मुळात कचऱ्याविरुद्धचं आहे, हेही मला तेव्हाच कळलं. सरकारने ते काढलं ते अशाच पिकअपवाल्या तरुणांसाठी.

शेवटी क्लबच्या पाटीपाशी पोचलो. पाटीवर कुणीतरी गोळ्या झाडलेल्या, कोपऱ्यात तीन भोकं. मी हळूच विचारलं, ‘‘तुमच्यातलंच कुणी?’’

सुभेदारांचा चेहरा उतरला. भोकांवरून बोट फिरवत म्हणाले, ‘‘आमच्यातला असता, तर तिन्ही मधोमध पडली असती.’’

लाडू संपले. निरोप घेताना त्यांनी तो चिमटा मला भेट दिला. विमानात केबिनमध्ये नेऊ देतील की नाही या शंकेने सौ.ने तो चेक-इन बॅगेत लुगड्यांच्या घडीत घातला आहे. पुण्याला पोचल्यावर पहिल्या रविवारी सकाळी सातला आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहीन. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. चिमटा आपापला आणावा.