कमिशनरांबाबत तक्रार

मी अहमदपूरचा, म्हणजे लातूर-नांदेड रस्त्यावरचा. माझी तक्रार 'कमिशनर' या शब्दाविरुद्ध आहे. चहा सांगा, प्रकरण लांबचं आहे.

2009 साली, अशोक चव्हाण मुख्यमंत्री असताना, नवं महसूल आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं. लातूर खवळलं. माझी सासुरवाडी नांदेडची, व्याही लातूरचे. तेव्हापासून आमच्याकडे एकही बारसं या विषयाशिवाय पार पडलेलं नाही. आयुक्त मात्र आजही संभाजीनगरलाच बसतात, आठही जिल्हे सांभाळत. भांडण इथं, साहेब तिथं.

निजामाचं बरं होतं. नांदेड औरंगाबादच्या सुभेदाराखाली, लातूरचा मुलूख गुलबर्ग्याच्या. भांडायला सामाईक साहेबच ठेवला नव्हता.

आता बघा, बाकी अधिकार कसा वाटलाय. नांदेडच्या पोराची दहावीची गुणपत्रिका लातूर बोर्डाची. लातूरच्या पोराची पदवी नांदेडच्या विद्यापीठाची. लातूरच्या पोलीस अधीक्षकांचे वरिष्ठही नांदेडला. एवढी देवाणघेवाण सुखानं चालते. अडतं फक्त कमिशनरपाशी.

बरं, इथं कमिशनर नाहीत असंही नाही. नांदेड-वाघाळा महापालिका 1997 ची, लातूरची 2011 ची. दोन्हीकडे कमिशनर आहेत, पण ते नाल्या आणि घरपट्टीचे. माझ्या शेताच्या फेरफाराचं काम अडलं तेव्हा सासरे म्हणाले, "कमिशनरकडं जावा की!" व्याहीही तेच म्हणाले. कोणत्या, हे दोघांनीही सांगितलं नाही. दोघांच्याही डोळ्यापुढं आपापल्या गावचे होते.

अहमदपूरला नगरपरिषद. तिथं मुख्याधिकारी असतात. म्हणजे ज्या शब्दापायी माझी जेवणं बेचव झाली, त्याचा नालीपुरता अर्थसुद्धा आम्हाला लागू नाही.

लागू आहे तो एकच, मोंढ्यातला कमिशन एजंट. सोयाबीनचे चार दाणे दाताखाली धरून ते ओलावा जाहीर करतात. त्या निर्णयावर अपील नाही, सुनावणी नाही, तारीखही नाही. खरा अधिकार पाहायचा असेल तर तिथं जाऊन उभं राहावं.

तरी शासनास नम्र विनंती, की सदर आयुक्तालय अहमदपूरला मंजूर करावं. दोन्ही गावांना सारखाच त्रास होईल, याची हमी मी देतो. अर्ज तयार आहे. तो कोणत्या कमिशनरांमार्फत पाठवायचा, तेवढं कुणीतरी कळवावं.