आधी मोबाइल जेवतो

इंदूरच्या सराफा बाजारात रात्री सोन्याची दुकानं मिटली, की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, खोपरा पॅटिस आणि ताटाएवढा जलेबा यांच्या कढया तापतात. होळकरांच्या या नगरीत हल्ली येणाऱ्या शिस्तबद्ध पर्यटकांचं जाहीर अभिनंदन करायला हवं. पूर्वीचे अडाणी लोक गराडू गरम असतानाच खात. आता आधी मोबाइल जेवतो. दहीवडा हवेत उडवून झेलण्याचा प्रयोग तीनदा होतो, कारण पहिल्या दोन वेळी उजेड बरोबर नव्हता. तोवर पदार्थ गार होतात आणि जिभेला चटका बसण्याचा धोका टळतो. सार्वजनिक आरोग्याची केवढी सोय!

प्रशासनाने आता एकच पाऊल पुढे टाकावं, ही नम्र सूचना. सावंतवाडीत लाकडी फळं पिढ्यानपिढ्या होतात. त्या कारागिरांकडून लाकडी जलेबा, लाकडी गराडू घडवून घ्यावेत. तेल वाचेल, गॅस वाचेल, रांग भराभर सरकेल. दिवसा माल सराफांच्या तिजोरीत राहील. कोणी भुकेला चुकून आलाच, तर त्याला सौजन्याने स्टेशनचा रस्ता दाखवावा.

चवीबद्दलचे अभिप्राय मात्र बदलावे लागणार नाहीत. ते आजही पहिल्या घासाआधीच लिहून होतात.