खोदकाम चालू आहे

वडाळ्यात पुरातत्त्वावर व्याख्यान ठेवा, मोहेंजोदडोचं महास्नानगृह बघायला सभागृह भरतं. साडेचार हजार वर्षांपूर्वीची झाकलेली गटारं पडद्यावर आली की श्रोते हळहळतात. मग प्रश्नोत्तरं. पहिले गृहस्थ उभे राहतात, स्वतःच व्याख्यान देतात आणि प्रश्न विचारायचा विसरतात. दुसऱ्यांना एवढंच हवं असतं की, आपली संस्कृती इजिप्तपेक्षा जुनी आहे, असं वक्त्याने एकदाचं जाहीर करून टाकावं. खापरांचे तुकडे, मातीचे थर, कालमापन यांत कुणाला रस नाही. वक्त्याने पुराव्याची भाषा सुरू केली की लोकांना गाडीची वेळ आठवते.

इथून जवळच, परळला, १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना सुमारे साडेतीन मीटर उंचीची शिळा सापडली. एकाच दगडात सात शिवमूर्ती, सहाव्या शतकाच्या आसपासच्या. ती आजही बारादेवीच्या देवळात आहे. त्यानंतरही आपण रस्ते खणतोच आहोत, अगदी वर्षानुवर्षं. निघतात त्या केबली.

तेव्हा मंडळी, इजिप्तशी स्पर्धा लावण्याआधी एकदा परळला जाऊन या. तिथे प्रश्नोत्तरं नसतात.