‘कल्चरल फिट’ नसलेल्या अकोल्याच्या पोराबद्दल आभाराचं पत्र

मा. एचआर प्रमुख साहेब,



कंपनीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. पुण्यातल्या बऱ्याच काचेच्या इमारतींना हे पत्र जसंच्या तसं चालेल.

आमच्या अकोल्याच्या पोराला तुम्ही ॲप्टिट्यूडमध्ये पास केलंत, कोडिंगमध्ये पास केलंत आणि शेवटच्या फेरीत ‘कल्चरल फिट नाही’ म्हणून घरी पाठवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. कोडिंगमध्ये उडाला असता तर मी त्याला चार महिने अभ्यासाला बसवलं असतं. अमरावतीत प्लेसमेंटचं काम पाहणारा माणूस मी. ही शेवटची फेरी मी त्याला कोणत्या पुस्तकातून शिकवू?

मुलाखतीत तुमच्या मॅडमनी विचारलं, सुट्टीत काय करता? तो म्हणाला, वावरात जातो, डवरणी असली तर डवरा धरतो. मॅडम ‘इंटरेस्टिंग’ म्हणाल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. हरिश्चंद्रगड चढून आला असता तर ‘ॲडव्हेंचरस’ लिहिलं असतं. मग नेतृत्वाचा प्रसंग विचारला. त्यानं सांगितलं, ऐन वेचणीत मजूर मिळत नव्हते, शेजारच्या गावांतून बाया जमवल्या, ऑटो ठरवला, किलोच्या भावावरून काम अडलं ते बोलून सोडवलं. राजेहो, दिवाळीच्या तोंडावर वऱ्हाडात कापूस वेचायला माणसं उभी करणं म्हणजे काय, हे एकदा करून पाहा! पण तुम्हाला कॉलेज फेस्टची कमिटी ऐकायची होती.

मग आला ‘फॅमिली बॅकग्राऊंड’. वडील काय करतात, भाऊ-बहिणी कुठं, मूळ गाव कोणतं. सोयरिकीला आलेले पाव्हणेही हेच विचारतात. फक्त ते चहा-पोहे खाऊन विचारतात आणि काहून विचारतात हे लपवत नाहीत.

हे तुमच्या एकट्याचं नाही म्हणा. 2007 मध्ये सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या पंचवीस एचआर मॅनेजरांशी बोलून लेख लिहिला. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असं सांगणारी ही मंडळी घरची माहिती मात्र अगत्यानं विचारत होती. त्याच वर्षी आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं बदललेले अर्ज खासगी कंपन्यांना पाठवल्याचा अभ्यास छापला. 548 जाहिराती, 4,808 अर्ज. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढं बोलावणं येण्याचं प्रमाण साधारण दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. ही मुलं मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचलीच नव्हती. आमचा पोरगा निदान तुमच्या एसीत अर्धा तास बसून तरी आला.

अमेरिकेतही हेच चालतं, म्हणून तुम्हाला धीर देतो. लॉरेन रिव्हेरा यांनी 2012 मध्ये तिथल्या बड्या वकिली, बँकिंग आणि सल्लागार कंपन्यांच्या निवडीवर लिहिलं. या माणसाबरोबर विमानतळावर अडकून पडलो तर कंटाळा येईल का, असा विचार करून तिथं उमेदवार पारखले जात. आमची अडचण एवढीच, की अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर प्रवासी विमान 2025 च्या एप्रिलमध्ये उतरलं, त्यामुळे या पेपरची तयारी उशिरा सुरू झाली. अकोलेकर तर शिवणीची धावपट्टी लांब होण्याची वाट पाहतायत. बडनेरा स्टेशनावर अडकायचं असेल तर मात्र आमचा पोरगा फर्स्ट क्लास. लेट गाडीचा त्याचा अनुभव दांडगा आहे.

टीममध्ये जमवून घेता यावं लागतं, हे मला मान्य आहे. पण ते पाहायचं तर पोराला दोन तास टीमबरोबर खऱ्या कामाला बसवा. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारा आणि आपसात बोलण्याआधी आपापले गुण कागदावर लिहा. तुमच्या मॅनेजरला ‘व्हाइब’ कळत असेल, तर त्याला ते आकड्यातही लिहिता येईल.

प्रश्न विचारण्याचं आम्हाला वावडं नाही. गाडगेबाबांचं अख्खं कीर्तन प्रश्नांवर चालायचं, तेही वऱ्हाडीत, आणि समोरची मंडळी उत्तरं देत. पण ते कर्जाबद्दल विचारत, दारूबद्दल विचारत, पोरांच्या शाळेबद्दल विचारत. समोरचा आपल्यासारखा दिसतो का, हे त्यांना पाहायचं नसे.

पुढच्या कॅम्पसला अमरावतीला या. गिला वडा खाऊ घालतो.

आपला,
प्लेसमेंटवाला

ता. क. उत्तर पाठवाल तर ‘तुमचं प्रोफाइल भविष्यातील संधींसाठी जपून ठेवू’ हे वाक्य तेवढं वगळा. ते आमच्याकडे पुष्कळ साठलं आहे.