लग्नाच्या कॅसेटला कुलूप

भिवंडीच्या कामतघरात लग्नाच्या डीव्हीडीला लोक कॅसेटच म्हणत. व्हीएचएसची फीत भंगारात गेली, व्हीसीडी आली, डीव्हीडी आली, पण 'भाऊ, कॅसेट कधी देताय?' या प्रश्नात काही फरक पडला नाही. वऱ्हाळादेवी तलावापासून थोडं आत, भिंतीपलीकडच्या लूमच्या खडखडाटात दुकान थाटून बसलेल्या शूटिंगवाल्या भाऊंच्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न शिरला होता. या कॅसेटला कुलूप लावता येईल का?

मामला अर्थातच पोटाचा होता. पॅकेजमध्ये दोन डिस्क, त्यापुढच्या प्रत्येक प्रतीला शंभर रुपये. एका लग्नामागे मामा, मावशी, काल्हेरची आत्या आणि रुसून परत आलेले एक काका धरले, तर सात-आठ प्रती सहज खपाव्यात असा भाऊंचा हिशोब. खपायची एकही नाही. नवऱ्याचा आतेभाऊ पहिली डिस्क संगणकात सरकवायचा आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या आळीत हळदीचं शूटिंग सुरू असायचं.

त्यात 2007 च्या सुमारास नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना बाजारात आणली. ही तीच कंपनी, जिच्या ब्लँक डिस्कवर गावोगावचे शूटिंगवाले लग्नं राइट करत होते. गिऱ्हाईक दुकानात येऊन सरळ विचारू लागलं, 'हिरो-हिरोइनसकट अख्खा पिक्चर 28 रुपयांत, आणि आमचे भाऊजी शंभरला कसे हो?'

भाऊंचा पहिला उपाय साधा होता. डिस्कवर काळ्या मार्करने 'कॉपी करू नये' असं लिहायचं. आतेभावाने ती सूचनाही आपल्या प्रतीवर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली.

मग भाऊंनी धामणकर नाक्यावरच्या संगणक दुरुस्त करणाऱ्या पोऱ्याला गाठलं. 'कंपनीच्या डीव्हीडीला लॉक असतं ना? तेच आपल्याला टाकून दे.' पोऱ्याने जे सांगितलं ते ऐकून भाऊंचा चहा निवला. सिनेमाच्या डीव्हीडीला सीएसएस नावाचं कुलूप असतं, त्याची किल्ली 40 बिटांची, आणि तिचा एक भाग डिस्कच्या अगदी आतल्या कडेला, सुरुवातीच्या राखीव पट्ट्यात लिहिलेला असतो. दुकानात मिळणाऱ्या ब्लँक डिस्कवर ही जागा कारखान्यातच निकामी करून ठेवलेली. लोकांनी सिनेमाची डिस्क जशीच्या तशी उतरवू नये, म्हणून. म्हणजे चोराच्या हाती किल्ली लागू नये यासाठी कंपन्यांनी कामतघरच्या घरमालकाला कुलूपच विकायचं बंद केलं होतं. डिस्क छापखान्यातून छापून घेतली, परवाना काढला, तर जमेल. एका लग्नाच्या दोन प्रतींसाठी कोण छापून देणार?

आणि दिलीच असती, तरी काय? ते थोर कुलूप 1999 सालीच फुटलं होतं. फोडणाऱ्यांत नॉर्वेचा यॉन लेक योहान्सेन होता, तेव्हा वय वर्षं 15. त्याच्यावर खटला भरला, 2003 च्या जानेवारीत ओस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, आणि त्याच वर्षाअखेर अपिलातही तो सुटला. विकत घेतलेली डिस्क आपल्या संगणकावर पाहण्यात गुन्हा कसला, असा एकूण सूर. भाऊंना त्या पोराविषयी ममत्व वाटायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या नजरेत तो नॉर्वेचा आतेभाऊच.

बड्या कंपन्यांची फजिती तर याहून मोठी. 2002 साली सोनीच्या गाण्याच्या सीडीवरचं कुलूप डिस्कच्या कडेला साध्या मार्कर पेनाने रेघ ओढली की उघडतं, असं लोकांनी शोधून काढलं. 2005 मध्ये सोनी बीएमजीने सीडीतून गिऱ्हाइकाच्या संगणकात गुपचूप एक प्रोग्राम घुसवला. तो उघडकीला आल्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आणि लाखो सीडी परत बोलवाव्या लागल्या. करोडोंच्या कंपनीला मार्कर नडला. भाऊंनी निदान मार्कर स्वतःच विकत आणला होता.

तरी पोऱ्याकडे एक जुगाड निघाला. डिस्कवर मध्येमध्ये मुद्दाम खराब जागा ठेवायच्या. प्लेअर त्यांच्यावरून उडी मारून पुढे जाईल, कॉपी करणारा संगणक मात्र तिथेच अडकेल. कल्पना खरी होती. सोनीचं आर्कोस नावाचं कुलूप याच तत्त्वावर चालायचं. पण 2007 मध्ये त्याच आर्कोसच्या डिस्क काही प्लेअरवर चालेनात, आणि त्यात सोनीचे स्वतःचे प्लेअरही होते. कामतघरात याहून वेगळं काय व्हायचं! पुढच्या लग्नाची डिस्क शेवटच्या मंगलाष्टकाशी येऊन थांबली. अंतरपाट अर्धा खाली, भटजींचं तोंड उघडं, नवरदेव हार धरून हवेत. मुलीचे वडील डिस्क घेऊन दुकानात आले. 'भाऊ, लग्न लागतच नाय ओ!' आतेभावाने कुठलंसं सॉफ्टवेअर लावून केलेली प्रत मात्र शेवटपर्यंत सुरळीत चालली. म्हणजे अस्सल अडकायची आणि नक्कल धावायची. त्या कुटुंबाने भाऊंची डिस्क चहाच्या कपाखाली ठेवली.

शेवटी भाऊ कायद्याकडे वळले. त्यांना महाराष्ट्राच्या 1981 च्या स्थानबद्धतेच्या कायद्याचा सुगावा लागला होता. हा मुळात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंसाठीचा. 2009 मध्ये त्यात व्हिडिओ पायरेटही घातले. हातभट्टीवाल्याच्या रांगेत आतेभाऊ उभा आहे, हे चित्र भाऊंना फारच आवडलं. शूटिंगचे पैसे बाकी असलेल्या एका वकिलापाशी त्यांनी विषय काढला. वकिलाने 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 काढलं. कोणी मोबदला देऊन फोटो किंवा चित्रफीत काढून घेतली, आणि उलट काही करार झालेला नसला, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे कॅसेट नवऱ्यामुलाच्या घरची. 2012 पासून कॉपीराइटचं कुलूप तोडणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे खरी, पण ती दुसऱ्याचा हक्क मारायला तोडणाऱ्यासाठी. मालकाने आपल्याच पेटीचं कुलूप उघडलं तर त्यात कोणाचं काय गेलं?

'आणि भाऊ,' वकिलाने जाता जाता विचारलं, 'वरातीच्या शूटिंगखाली मिक्सिंगमध्ये जी पिक्चरची गाणी टाकता, ती कोणाला विचारून?'

त्यानंतर भाऊंनी कुलपाचा विषय काढला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात आपलं नाव आणि मोबाइल नंबर सरकता ठेवला, एवढंच. आतेभावाच्या प्रतींबरोबर तो नंबर काल्हेर, अंजूरफाटा, पार कल्याणपर्यंत पोचला, आणि पुढच्या सीझनला लग्नाच्या ऑर्डरी वाढल्या. त्याचं श्रेय भाऊ आजही आपल्या मिक्सिंगला देतात.

ही गोष्ट इथे संपती, पण मध्यंतरी तेच मुलीचे वडील पुन्हा दुकानात आले. त्यांच्या आईच्या वर्षश्राद्धाचा दिवस जवळ आला होता. म्हातारी धवलारीण होती. आगरी लग्नांत धवले गायची. तिचा आवाज कुठे राहिला असेल, तर त्या हळदीच्या शूटिंगमध्ये. भाऊंची हार्डडिस्क केव्हाच बसलेली. चहाच्या कपाखालची डिस्क सापडली, पण उन्हाने तिचा जांभळा रंग फिका पडला होता. घरी राइट केलेल्या डिस्कवर मजकूर छापलेला नसतो. लेझरने सेंद्रिय रंगाच्या थरावर भाजून उमटवलेला असतो, आणि ऊन, उष्णता, दमट हवा त्या रंगाला खातात. भिवंडीत तिन्हींचा पुरवठा बारमाही.

भाऊंनीच मग आतेभावाला फोन लावला. त्याने ती डिस्क त्या काळी संगणकात उतरवली होती, संगणक बदलला तेव्हा नव्यात टाकली होती, पुढे पेनड्राइव्हवर. संध्याकाळी दुकानात तिघांनी ते शूटिंग पाहिलं. म्हातारीने सूर लावला तसा भाऊंनी दुकानाचा पंखा बंद केला. लूम बंद करणं काही त्यांच्या हातात नव्हतं.

मोझर बेअर 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली, नव्या लॅपटॉपला डिस्कचा ट्रे येत नाही. तुमच्या कपाटात अशी एखादी कॅसेट असेल, तर ओळखीत ज्याच्याकडे अजून ड्राइव्ह आहे त्याला गाठा आणि यंदाच्या पावसाळ्याआधी ती उतरवून घ्या. शूटिंगवाल्याला विचारायची गरज नाही.